मीअरच्या सिग्नलपाशी

१

शुक्रवारी दुपारी ब्रॅकनहोपच्या स्टेशनात पाऊल टाकलं की आधी कान भरून जायचे. फलाटभर वेताच्या झाकणबंद टोपल्या एकीवर एक रचलेल्या आणि प्रत्येकीत दाटीवाटीनं घुमणारी कबुतरं. खाणीतून सुटून थेट आलेले काळ्या तोंडाचे कामगार आपापल्या टोपलीवर वाकून पाखरांशी इतक्या मायेनं बोलत असायचे, की त्यांच्या बायकांनी ऐकलं असतं तर त्यांना नवल वाटलं असतं. मग धूर सोडत खास गाडी यायची. तिच्यात उतारू नसत. कबुतरं असत आणि त्यांच्यासोबत जाणारे दोघेजण.

त्यातला एक आमोस हेपल. खाणीत छत कोसळून त्याचा गुडघा कायमचा गेला, तेव्हा कबुतरांच्या क्लबानं त्याला हे काम दिलं. उन्हाळाभर दर शुक्रवारी पाखरं घेऊन दक्षिणेला जायचं, वाटेत त्यांना पाणी दाखवायचं, शनिवारी सकाळी मार्शफोर्डच्या मैदानात हवा बघून टोपल्या उघडून शर्यत सुरू करायची, गावाला तार करायची आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत यायचं. पाखरं पंखांवर घरी जायची, आमोस गाडीनं मागून यायचा.

त्याची स्वतःचीही कबुतरांची ढाबळ होती. मागच्या अंगणात, हिरवा रंग दिलेली. पण इतक्या वर्षांत आमोसनं शर्यतीवरून घरी येणारं एकही पाखरू बघितलं नव्हतं. ती यायची तेव्हा तो गाडीत असायचा. घेणारी लिडिया होती, त्याची बायको. ती खोक्यावर उभी राहून दाण्यांचा पत्र्याचा डबा वाजवायची. दोनदा जोरात, मग जरा थांबून एकदा हलकेच. आभाळातला ठिपका त्या आवाजावर दगडासारखा खाली यायचा. लिडिया पाखराच्या पायातलं शर्यतीचं रबरी कडं अंगठ्यानं सरकवून काढायची, कडं घड्याळाच्या पेटीत टाकून, पोचल्याची वेळ छापली जावी म्हणून कळ दाबायची आणि पाखरू छातीशी धरून म्हणायची, "आलीस ग माझे बाई." नर असो की मादी, तिला सगळ्या बायाच.

फेब्रुवारीत ती गेली. छातीत थंडी भरली आणि आठवडाही काढला नाही तिनं.

आता डबा मुलीकडं आला होता. विनी एकोणीस वर्षांची, आईसारखीच उंच आणि रुंद खांद्यांची. मोसमातल्या पहिल्या लांबच्या शर्यतीला तिनं टोपली स्वतः स्टेशनावर आणली.

"बाबा, रूबीला दाराजवळ ठेवा. तिला कोंडलेलं सोसत नाही."

"कबुतराला दाराजवळची जागा आणि मला इंजिनाचा धूर," लान्स टीझडेल डब्यातून ओरडला. तो आमोसचा जोडीदार, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. "पोरी, पुढच्या खेपेला मला टोपलीत घाल आणि त्या लाल बयेला पाण्याची बादली उचलायला सांग."

"तुम्ही घरी परत यायचा नाहीत काका. वाटेत पहिली खानावळ दिसली की उतराल."

फेब्रुवारीनंतर विनी पहिल्यांदा हसली होती. आमोसनं टोपली दाराजवळ ठेवली.

२

तिकडं उन्हाळ्यात रात्रीच्या जेवणानंतरही लख्ख उजेड असतो. त्या उजेडात गाडी सपाट दलदलीच्या मुलखात शिरली आणि मीअरच्या सिग्नलला थांबली.

तसं त्यात नवल काही नव्हतं. कबुतरांच्या गाडीला सगळे थांबवतात. आधी माणसांच्या गाड्या जातात, मग दुधाच्या, मग आम्ही, असं लान्स म्हणायचा. आमोसनं दार अर्धवट सरकवून बाहेर बघितलं. लव्हाळे, पाण्याचे चर आणि दूर रुळांवर काम करणाऱ्या गँगची एक सोडून दिलेली झोपडी. जुन्या लाकडी पट्ट्यांची, धुराडं मोडलेली. माणूसकाणूस नाही. त्यानं किटलीतला गार चहा ओतून घेतला आणि दाराशी बसला.

काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं, पण काय ते चटकन ध्यानात येईना. डबाभर पाखरं घुमत होती. तो आवाज इतका सवयीचा की ऐकूच येत नसे. आता मात्र त्या आवाजाला एक भोक पडल्यासारखं वाटत होतं, अगदी त्याच्या कोपराजवळ. त्यानं वळून बघितलं. त्याची स्वतःची टोपली गप्प होती.

आतली सगळी पाखरं उभी होती. सगळ्यांच्या माना ताणलेल्या, चोची डावीकडं. टोपलीच्या त्या अंगाला ती इतकी खेटली होती की वेताच्या फटींतून पिसं बाहेर आली होती. बाकीच्या टोपल्यांमधली पाखरं आपली पेंगत होती, भांडत होती, एकमेकांच्या डोक्यावर बसत होती.

अशी उभी राहिलेली पाखरं आमोसला ओळखीची होती. सकाळी लिडिया ढाबळीच्या पायऱ्या चढायची, तेव्हा ती अशीच उभी राहायची.

मग त्याला ऐकू आलं. फार बारीक, वाऱ्याबरोबर येऊन गेल्यासारखं. पत्र्यात दाणे. दोनदा जोरात, आणि थांबून एकदा हलकेच.

डब्याखालची साखळी हलली असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. इंजिनात पाणी खळखळत असेल. लव्हाळ्यांचासुद्धा असा आवाज होतो, सुकल्यावर. पण जूनमध्ये लव्हाळे सुकलेले नसतात, हेही त्याला माहीत होतं.

"काय रे, भूत बघितलंस?" लान्स म्हणाला.

"काही ऐकलंस?"

"माझं पोट ओरडलेलं ऐकलं."

सिग्नल पडला. गाडीनं हिसका दिला. पाखरं एकेक करून खाली बसली आणि पुन्हा घुमायला लागली. रूबी तेवढी बराच वेळ उभी होती.

३

सकाळ स्वच्छ निघाली. आमोसनं बोट ओलं करून वारा बघितला, पूर्वेकडच्या ढगांकडं नीट निरखून बघितलं आणि हात खाली केला. टोपल्यांची दारं एकदम पडली. हजारो पंखांचा आवाज उठला. पाखरांचा लोट मैदानावर एकदा फिरला, दोनदा फिरला आणि उत्तर धरून निघून गेला. मैदानावर पिसं तरंगत राहिली. लान्स तार करायला गेला.

परतीच्या वाटेवर त्यांचे डबे एका मालगाडीला जोडले होते. मीअरजवळ गाडी थांबली नाही, नुसती हळू झाली. आमोस दाराशीच उभा होता. उभा का होता असं कुणी विचारलं असतं, तर मोकळी हवा खायला, असं त्यानं सांगितलं असतं.

झोपडीच्या छपरावर कबुतरं बसली होती. थोडीशीच. त्यातलं एक लाल होतं.

वाटेत दमलेली पाखरं कुठंही बसतात. लाल कबुतर काय जगात एकच असतं? असं मनाशी घोळवत तो गावी पोचला.

विनी अंगणात खोक्यावर बसली होती, मांडीत डबा. "निम्मी आली नाहीत बाबा. शेजारच्या जॉब्लिंगची सगळी आली. हवा चांगली होती ना?"

"हवा चांगली होती."

"मग?"

"बहिरी ससाणा असेल वाटेत. येतील उद्यापर्यंत."

४

रूबी रविवारी आली. उडत नाही, चालत. गल्लीतून, कुंपणाच्या फळीखालून, चर्चमधून परतणाऱ्या बायकांच्या पायांमधून वाट काढत ती ढाबळीशी आली आणि आत न शिरता पायरीवर बसली.

विनीनं तिला उचललं आणि तिचा चेहरा बदलला.

"बाबा, हिला कुणीतरी जेवायला घातलंय."

आमोसनं गळ्याखालच्या पिशवीवर बोट ठेवलं. पिशवी टच्च भरलेली, दाणे बोटाला लागत होते. मोठे ते वाटाणे आणि मका. त्यांच्यामध्ये काहीतरी बारीक, निसरडं.

"जवस," विनी म्हणाली. "शर्यतीनंतर आई घालायची. मूठभर. बाकी गावात कुणी घालत नाही, महाग पडतं म्हणून."

"एखादा शेतकरी असेल. त्याच्याकडं जवस असणारच."

"आणि कडं?"

रूबीच्या पायात रबरी कडं नव्हतं. शर्यतीचं कडं आपोआप निघत नाही. घरी पोचल्यावर, घेणाऱ्या माणसानं पाखरू हातात धरून काढायचं असतं. अडाणी माणूस ते कात्रीनं तोडतो, पायाला खरचटतं. इथं एक खवलासुद्धा हलला नव्हता.

"ही आपल्याच घरी आली असं कुणीतरी धरलं," विनी म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. भीती असती तर आमोसला बरं वाटलं असतं. त्यात हेवा होता.

रूबीनं डोकं दक्षिणेकडं वळवलं आणि तशीच बसून राहिली. दाण्यांना तिनं चोच लावली नाही.

५

पुढच्या खेपांना आमोसनं आपली पाखरं न्यायलाच नको होती. तसं त्यानं म्हटलंही. पण विनीनं ऐकलं नाही. "आईनं वाढवलेली आहेत. एका शर्यतीला चुकली म्हणून ढाबळीत कोंडून घालायची?" असं म्हणून ती टोपली घेऊन स्टेशनात हजर व्हायची. तिला नाही म्हणायची आमोसला सवय नव्हती. फेब्रुवारीनंतर तर मुळीच नव्हती.

दर खेपेला गाडी मीअरला थांबायची. दर खेपेला त्यांची टोपली गप्प व्हायची. आवाज मात्र दर खेपेला थोडा जवळ यायचा. आता त्यात दाणा कोणता तेही कळत होतं. मक्याचा आवाज जाड येतो.

ढाबळ रिकामी होत चालली. जी पाखरं परतायची ती भरल्या पोटानं आणि मोकळ्या पायानं यायची, एखाददोन दिवस पाहुण्यासारखी राहायची आणि उघड्या दारातून निघून जायची. विनी खोक्यावर उभी राहून डबा वाजवायची, अगदी आईसारखा. छपरावरची पाखरं तिच्याकडं मान तिरकी करून बघायची आणि उडायची नाहीत.

"माझं ऐकत नाहीत ती," एका संध्याकाळी ती म्हणाली. "मी वाजवते ते त्यांना खोटं वाटतं."

"नवीन माणसाची सवय व्हायला वेळ लागतो, पोरी."

"मी नवीन आहे होय?"

ती बोलता बोलता डाव्या मनगटाभोवती दोन बोटं फिरवत होती. आमोसनं विचारलं, काय झालं, खाज सुटली का?

"नाही. कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. हलकेच. वाईट नाही वाटत." मग ती थांबून म्हणाली, "बाबा, पुढच्या शुक्रवारी मी येते तुमच्याबरोबर. डब्यात. मीअरपर्यंत."

आमोसच्या हातातला खराटा तसाच राहिला. मीअरचं नाव त्यानं घरात कधी काढलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं मीअर?"

"लान्सकाका म्हणाले, गाडी तिथं थांबते." आणि ती खोकली. कोरडा, लहानसा खोकला. फेब्रुवारीत दुसऱ्या एका छातीतून आमोसनं तो ऐकला होता.

६

तिला अंथरूण धरायला फार दिवस लागले नाहीत. खाणीचा डॉक्टर आला, पाठीला नळी लावून ऐकलं, म्हणाला, "आईसारखीच छाती आहे. ऊब ठेवा आणि उठू देऊ नका." लिडियाची बहीण पेग येऊन राहिली. तिनं चुलीजवळ पलंग ओढला, खिडकीला रजई लावली.

त्या शुक्रवारी आमोस गाडीवर जायचं नाही म्हणाला. लान्स घरी आला, टोपी हातात घेऊन.

"मी तिला मीअर सांगितलं नाही," तो दारातच म्हणाला. "तू पेगपाशी तसं बोललास म्हणे. आमोस, तुझ्यामाझ्या दोस्तीची शपथ, मी त्या जागेचं नावसुद्धा काढत नाही. मला आवाज येत नाही. पण तुझी पाखरं मी बघितलीत. मी त्या बाजूला बघायचं सोडून दिलंय."

आत स्वयंपाकघरात विनी पेगला काहीतरी सांगत होती, शेजारच्या जॉब्लिंगबाईच्या टोपीबद्दल. ती वाक्याच्या मध्येच थांबली. आमोसनं दारातून बघितलं. विनी उशीवरून उठून बसली होती. मान ताणलेली, हनुवटी वर, तोंड दक्षिणेच्या भिंतीकडं. खालचा ओठ किंचित उघडा. डोळ्यांत कसली म्हणून ओळख नव्हती. पाखरांच्या डोळ्यांसारखे ते नुसते गोल आणि उजळ झाले होते.

पेग बाहेर आली आणि दार लोटून घेऊन कुजबुजली, "सकाळपासून तिसऱ्यांदा. मघाशी मी पाणी आणायला गेले तर ही अनवाणी गल्लीत. कुठं निघालीस म्हटलं, तर म्हणते, कुठं नाही मावशी, दाणे वाजले म्हणून."

आमोस मागच्या अंगणात गेला. ढाबळीत उरलेली पाखरं होती. शर्यतीला न जाणाऱ्या म्हाताऱ्या जोड्या, अंड्यांवर बसलेल्या माद्या, पिवळी लव न गळलेली पिल्लं, आणि परतून आलेली रूबी. त्यानं दोन टोपल्या खाली उतरवल्या आणि पाखरं भरायला लागला.

"अंड्यांवरून उठवतोयस त्यांना?" लान्स म्हणाला.

"तिची आहेत. तिला देऊन येतो."

लान्सनं वाकून दुसऱ्या टोपलीचं झाकण धरलं.

७

शनिवारी आमोस माणसांच्या गाडीनं गेला आणि मीअरच्या अलीकडच्या छोट्या स्टेशनात उतरला. तिथल्या हमालाकडून त्यानं हातगाडी मागून घेतली. हमालानं विचारलं कुठं जाणार, तेव्हा त्यानं रुळांच्या बाजूला बोट केलं. "तिकडं कुणी राहत नाही," हमाल म्हणाला. आमोस म्हणाला, "माहीत आहे."

दुपार कलली होती. चराच्या कडेनं पायवाट होती, तिच्यावरून हातगाडी ओढताना गुडघा ठणकत होता. टोपल्यांतली पाखरं गप्प होती. ती सगळी पुढच्या अंगाला सरकली होती, त्यामुळं गाडी पुढं झुकायची आणि ओढणं सोपं पडायचं. ते जाणवलं तेव्हा आमोसनं एकदा थांबून श्वास घेतला. माघारी फिरावंसं वाटलं. तेवढ्यात दाणे वाजले, आणि आता त्याला साखळी किंवा लव्हाळे असं काही सुचेना.

झोपडी लांबून वाटली होती त्यापेक्षा लहान होती. दाराला आडवी फळी ठोकलेली. रुळांकडच्या भिंतीला गुडघ्याहून वर एक चौकोनी झरोका होता, ढाबळीला असतो तसा, पुढं फळी असलेला. फळी विष्ठेनं पांढरी झाली होती. भिंतीतल्या खिळ्यांवर रबरी कडी अडकवली होती, झुबक्या-झुबक्यांनी. आमोसनं जवळून बघितली. काही त्याच्या क्लबाची. बरीचशी कुठल्याकुठल्या गावांची. काही इतकी जुनी की बोट लागताच त्यांचा भुगा झाला.

छपरावर त्याची पाखरं होती. त्यानं त्यांना ओळखलं, त्यांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात दक्षिणेकडून एक पाखरू आलं. सकाळी मार्शफोर्डच्या मैदानात दुसऱ्या कुणीतरी हात खाली केला असेल, त्यातलं. उंचावर होतं, सरळ उत्तरेला चाललेलं. दाणे वाजले. पाखरानं पंख मिटले आणि ते पडल्यासारखं खाली आलं, जमिनीजवळ पंख उघडून अलगद फळीवर टेकलं. इतकी वर्षं आमोसनं पाखरं सोडली होती. असं आभाळातून घरी येणारं पाखरू त्यानं हे पहिलंच बघितलं.

झरोक्यातून हात बाहेर आला. बाही कोपरापर्यंत गुंडाळलेली, मनगटाजवळ चुलीच्या डागाची पांढरी खूण, लिडियाच्या होती तशी. हातानं पाखरू उचललं, अंगठ्यानं कडं सरकवलं. आत अंधार होता. त्या अंधारात एक गाल, कानामागं सारलेले केस, एवढंच क्षणभर दिसलं. चेहरा पाखरावर वाकलेला होता. पाखरू आत गेलं.

"लिडिया," आमोस म्हणाला.

आत पाखरं घुमत होती. खूप होती. तेवढ्याशा झोपडीत मावणार नाहीत इतकी.

त्यानं टोपल्या उघडल्या. पाखरं उडाली नाहीत, एकामागून एक फळीवर चढली. हात येत राहिला, नेत राहिला. म्हाताऱ्या जोड्या, अंडी सोडून आलेल्या माद्या. पिल्लांना तेवढी आमोसनं स्वतः उचलून फळीवर ठेवली. शेवटची रूबी होती. टोपल्या रिकाम्या झाल्या.

हात पुन्हा बाहेर आला आणि फळीवर तसाच राहिला. उताणा, बोटं किंचित वाकलेली. अजून कुणीतरी यायचं असल्यासारखा.

"नाही," आमोस म्हणाला. "सगळी घे. ढाबळ मोडून फळ्यासुद्धा आणून देतो. पण ती नको, लिडिया. ती माझ्याजवळ राहू दे. पोर आहे ग ती."

हात हलला नाही.

"डबा वाजवू नकोस आता. तिला ऐकू येतंय. पाया पडतो तुझ्या, वाजवू नकोस."

हात हलला नाही. आमोसनं आपला हात त्या तळहातावर ठेवला. "मला घे हवं तर," तो म्हणाला. "मी येतो."

हात गरम होता. दिवसभर पाखरं हाताळलेल्या हातासारखा गरम आणि कोरडा. बोटं मिटली, त्याच्या मनगटापाशी आली आणि मनगटाभोवती फिरली. अंगठा हळूहळू पुढंमागं सरकला, पाखराच्या पायातलं कडं चाचपावं तसा. एकदा. पुन्हा एकदा, जास्त काळजीनं, कुठं चुकून राहून तर गेलं नाही ना असं बघितल्यासारखं. आमोस हात न हलवता उभा होता. तिनं लवकर शोधावं असं त्याला वाटत होतं.

बोटांना कडं सापडलं नाही. त्यांनी मनगट सोडलं आणि पाठीवर थोपटावं तसं दोन बोटांनी एकदा थोपटलं. मग हात आत गेला.

आत दाणे ओतल्याचा आवाज झाला, खूप वेळ, डबा पार रिकामा होईपर्यंत. त्यानंतर पाखरंही घुमायची थांबली. आमोसनं खाली वाकून झरोक्यात डोकावायला हवं होतं. तो वाकला नाही. रिकाम्या टोपल्या हातगाडीवर टाकून तो चराच्या कडेनं चालत निघाला. गाडी आता फार जड लागत होती.

८

विनी वाचली. ज्या संध्याकाळी आमोस परतला, त्याच संध्याकाळी तिचा ताप उतरला. पेग म्हणाली देवाची कृपा, डॉक्टर म्हणाला तरुण रक्त. उठून बसता आलं तेव्हा विनी खिडकीतून ढाबळीकडं बघत राहिली. उघडं दार वाऱ्यानं आपटत होतं.

"सगळी नेलीत?"

"सगळी."

"मला घेऊन गेला असतात तर मी नुसतं बघून परत आले असते."

विनी भिंतीकडं तोंड करून निजली. पुढं ती त्याच्याशी चांगलीच वागली, जेवायला वाढायची, कोट धुऊन द्यायची. पण लिडियाचा विषय तिनं त्याच्याशी कधी काढला नाही. त्या बाबतीत ती पेगशी बोलायची, लान्सशी बोलायची. आमोस आत आला की गप्प व्हायची.

पुढच्या उन्हाळ्यात लान्सनं तिला निळ्या कबुतरांची एक जोडी आणून दिली. तिनं ढाबळीला नवा रंग लावला. नव्या पाखरांना ती तोंडानं शीळ घालून बोलवायची. ती यायची.

आमोस शुक्रवारच्या गाडीवर जात राहिला. गाडी आता मीअरला थांबत नसे. सिग्नल लांबूनच पडलेला दिसायचा, ड्रायव्हर शिटी द्यायचा आणि लव्हाळे, चर, मोडक्या धुराड्याची झोपडी हे सगळं बघता बघता मागं पडायचं. छपरावर काही नसायचं.

"काय बघतोस रे दारात उभा राहून?" लान्सनं एकदा विचारलं.

"हवा बघतोय."

तो डब्याकडं वळला. टोपल्यांतली पाखरं घुमत होती, पेंगत होती, जागेसाठी एकमेकांना टोचत होती. आमोस एकेका टोपलीपाशी वाकला, फटीतून आत बघत शेवटच्या टोपलीपर्यंत गेला. एकानंसुद्धा मान वर केली नाही. त्यानं लिडियाजवळ हेच तर मागितलं होतं, डबा वाजवू नकोस म्हणून. तो तिथंच, दोन टोपल्यांच्या मध्ये, जमिनीवर बसला. लान्सनं किटलीतला चहा ओतला आणि न विचारता त्याच्या शेजारी ठेवला.